यादीतली पहिली ओळ

ज्या साहेबांनी माझ्या वडिलांविषयी सात ओळी लिहिल्या, त्यांनीच सहा वर्षांनी गुलाबाचं फूल देऊन मला नोकरीत घेतलं. सोलापुरातल्या वीज कंपनीच्या कार्यालयात, दुसऱ्या मजल्यावरच्या सभागृहात, आम्ही अकरा पदवीधर प्रशिक्षणार्थी रांगेत उभे होतो. प्रत्येकाला एक फूल, एक फाईल आणि गळ्यात अडकवायचं ओळखपत्र. माझ्यापाशी आल्यावर साहेबांनी विचारलं, "विषय काय तुमचा?"

"संख्याशास्त्र."

"गाव?"

"सांगोल्याकडचं."

"अरे वा! मी होतो तिकडे पाच वर्षं. डाळिंबं खाल्ली भरपूर." ते हसले आणि पुढच्या मुलाकडे वळले.

माझं आडनाव त्या तालुक्यात गल्लीगल्लीत सापडतं. त्यावरून त्यांना काही आठवायचं कारण नव्हतं. मला मात्र त्यांची सही झोपेतही काढता आली असती. ते फूल मी खोलीवर नेलं नाही. उतरताना जिन्यातल्या कुंडीत खोचून टाकलं.

आप्पा, म्हणजे माझे वडील, लाईनमन होते. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना खांबावर शॉक लागून गेले. कंपनीने चौकशी केली आणि एक पानी अहवाल आला. त्यात सात ओळी होत्या. पहिल्या ओळीत आप्पांचं नाव होतं, दुसरीपासून ते 'सदर कर्मचारी' झाले होते. पाचवी ओळ अशी होती : 'सदर कर्मचाऱ्याने वाहिनी बंद करण्याबाबत कोणतीही परवानगी न घेता, वाहिनी चालू असताना खांबावर चढून काम केले असून अपघात त्याच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे घडला आहे.'

घरातला बल्ब बदलतानाही आप्पा मेन स्विच पाडायचे. आई ओरडायची, "एका बल्बसाठी सगळ्या घराचा अंधार कशाला? लाईनमनच्याच घरात लाईट न्हाय!" आप्पा स्टुलावर उभे राहून म्हणायचे, "विजेला माझी नोकरी ठाऊक न्हाय." असा माणूस चालू लाईनवर चढतो? पण कागदावर सही-शिक्क्यासह आलं की लोकांना तेवढं पुरतं. महिन्याभरात पिठाच्या गिरणीत दळणाच्या रांगेत मी ऐकलं. माझ्या पुढची बाई दुसरीला सांगत होती, "लाईनमन आसून चालू तारंला हात घातला म्हणं. प्याला आसंल, दुसरं काय." आप्पा सुपारीसुद्धा खात नव्हते. मी डबा तिथेच ठेवून परत आले. आई म्हणाली, "दळण कुटं हाय?" मी तशीच आत गेले. ती पाचवी ओळ खोडायची, आणि ज्याने ती लिहिली त्याला ती खोडलेली बघायला लावायची, हे त्या दुपारी माझं ठरलं. शोक वगैरे शब्द मी नंतर पुस्तकांत वाचले. माझ्यापाशी तेव्हा एवढंच होतं.

आप्पांच्या जागी नोकरीचं आईला विचारलं गेलं होतं. आई म्हणाली, "ज्या दारानं त्यांना आसं परत धाडलं, त्या दारात मी न्हाय जायची." पुढे मी एम.एस्सी. झाले आणि कंपनीची योजना निघाली : पदवीधरांना दोन वर्षं प्रशिक्षण, काम शिकवून घ्यायचं, शेवटी डेटा सायन्सच्या कक्षात नेमणूक. मी अर्ज भरला तेव्हा आई ज्वारी निवडत होती. सूप खाली न ठेवता म्हणाली, "तू जातीस तर डोळं उघडं ठिवून जा."

मुलाखतीत विचारलं, इथेच का यायचंय? मी म्हणाले, वीज ही लोकांच्या रोजच्या गरजेची गोष्ट आहे आणि आकडेवारीतून सेवा सुधारता येते. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी मान डोलावली. खोटं इतकं सोपं असतं हे मला माहीत नव्हतं.

सोलापूरच्या पूर्व भागात एका विणकर घरात वरच्या मजल्यावर मी खोली घेतली. खाली यंत्रमाग. घरमालकीण अक्का मुलींशी तेलुगूत आणि माझ्याशी मराठीत बोलायची. वीज गेली की खालचा खडखडाट एकदम थांबायचा आणि अक्का जिन्यातून वर हाक मारायची, "ओ लाईटवाल्या बाई, तुमच्या कंपनीला सांगा की!" मी वरून म्हणायचे, "सांगते अक्का." तिच्यासाठी मीच कंपनी होते.

डेटा सायन्स या नावात मोठा थाट आहे. पहिले सहा महिने आम्ही झाडलोट केली. एकाच महिन्याच्या तारखा तीन तऱ्हांनी लिहिलेल्या, मीटरच्या क्रमांकात शून्याच्या जागी इंग्रजी ओ, कुलूप लागलेल्या घराचं रीडिंग दर महिन्याला थोडं थोडं वाढत चाललेलं. बाकीची मुलं कंटाळायची. मला ते काम मनापासून आवडलं, हेही लिहायला हवं. एकेक रकाना नीट करत गेलं की खोटा आकडा आपोआप उघडा पडतो. आजूबाजूचे सगळे खरे झाले की त्याला लपायला जागा उरत नाही.

आणि साहेब शिकवायचे चांगलं. हे मला सगळ्यांत जड गेलं. योजनेचे प्रमुख तेच होते. दर सोमवारी ते फळ्यापाशी उभे राहून उपकेंद्रापासून घरापर्यंत वीज कशी येते ते खडूने काढून दाखवायचे, आणि एखाद्याला कळलं नाही तर न चिडता पुन्हा काढायचे. माझी वही बघून एकदा म्हणाले, "तुमच्यासारखी शांत मुलं हवीत आपल्याला. फिल्डवरची माणसं फार निष्काळजी असतात हो. कागदाची सवयच नाही." मी वही परत घेतली. त्यांच्या बोटाला खडू लागलेला होता, तो वहीच्या कोपऱ्यावर उमटला. ते पान मी फाडलं नाही. राग शिळा होऊ नये म्हणून काहीतरी जवळ लागतं.

दुसऱ्या सहामाहीत फिल्डचं काम होतं, आणि मी मुद्दाम मागणी करून आमच्या भागातलं उपकेंद्र घेतलं. आमच्या गावापासून ते तीन किलोमीटर. आत ऑपरेटर काका बसलेले, आप्पांचे बरोबरीचे, आमच्या घरी जेवलेले. मला दारात बघून चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले, "तू आप्पाची थोरली न्हवं?"

"व्हय काका."

"नाकच सांगतंय की. बस, बस. च्या मागवतो. कंपनीत लागलीस? मोठ्या हापिसात? लई झाक झालं." मग आवाज उतरवून, "आई कशी हाय?"

"बरी आहे. काका, त्या दिवशी पाळीवर तुम्हीच होता ना?"

काका उठले. "लोड लिवायचा ऱ्हायला," म्हणत पॅनेलपाशी गेले आणि लॉगशीटवर आकडे भरू लागले. ते आकडे तासाच्या ठोक्याला भरतात. तास व्हायला अजून वीस मिनिटं होती.

मी चहा संपवून उठले. एवढ्या उत्तरावर सोडलं.

ते उत्तर पुरं करायला मला साहेबांनीच मदत केली. दुसऱ्या वर्षी प्रत्येकाने एक प्रकल्प करायचा होता आणि शेवटी वरच्या अधिकाऱ्यांसमोर मांडायचा होता. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. भिंतीवर त्यांच्या जुन्या उपविभागाला मिळालेलं प्रशस्तिपत्र होतं, सर्वांत कमी वेळा वीज गेल्याबद्दल.

"तुम्ही विश्वासार्हतेवर करा," ते म्हणाले. "माझा जुना उपविभाग घ्या. तिथला रेकॉर्ड एकदम स्वच्छ आहे. इतरांना दाखवायला बरा."

"किती वर्षांचा घेऊ, सर?"

"मी होतो ती पाचही वर्षं घ्या की." आणि मीटरांच्या जुन्या नोंदींचा साठा उघडायच्या परवानगीवर त्यांनी माझ्यासमोर सही केली. तीच सही, शेवटचं अक्षर खाली लांब ओढलेली.

इथे कामाची एक रीत सांगायला हवी. लाईनवर चढण्याआधी लाईनमनने उपकेंद्राकडून परमिट घ्यायचं असतं. ऑपरेटर फिडर, म्हणजे त्या भागाला वीज नेणारी मुख्य लाईन, बंद करतो, रजिस्टरात लिहितो, आणि परमिट परत आल्याशिवाय चालू करत नाही. नियम असा. रजिस्टरात चढलेला प्रत्येक वीजबंद मात्र महिनाअखेरीला मोजला जातो, आणि त्यावरून क्रमवारीत उपविभागाच्या साहेबांचं नाव वर किंवा खाली जातं.

मी दोन गोष्टी शेजारी ठेवल्या. एका बाजूला त्या पाच वर्षांचं परमिटचं रजिस्टर. दुसऱ्या बाजूला उपकेंद्रातल्या मीटरमधली मिनिटामिनिटाची नोंद, फिडरमधून किती वीज जात होती याची. रजिस्टरात परमिटं बोटांवर मोजण्याइतकी. मीटरमध्ये मात्र जवळजवळ रोज एक खड्डा : वीज सरळ चाललेली, एकदम शून्य, दहा-पंधरा मिनिटं शून्यच, पुन्हा पहिल्याइतकी. बिघाड असा दिसत नाही. हा कुणीतरी हाताने बंद करून हाताने चालू केलेला फिडर होता, आणि कुठल्याही कागदावर तो बंद झालेला नव्हता.

मग मी आप्पांचा दिवस काढला. तो मी मुद्दाम शेवटी ठेवला होता. अकरा चाळीसला फिडर शून्यावर आला होता. अकरा बावन्नला पुन्हा चालू झाला आणि त्याच मिनिटाला एक टोकदार उंचवटा येऊन ब्रेकर, म्हणजे फिडरचा मोठा स्विच, आपोआप पडला होता. तो उंचवटा म्हणजे काय होतं ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. कक्षात पंखे फिरत होते, शेजारचा मुलगा कडक भाकरीला शेंगाचटणी लावून खात होता, त्याने माझ्यापुढेही तुकडा धरला. मी घेतला आणि चावत राहिले. आप्पा चढले तेव्हा लाईन बंद होती. पाचव्या ओळीतला अर्धा भाग खोटा होता. परवानगी न घेतल्याचा अर्धा भाग खरा होता.

आलेख कागदावर छापून पुढच्या सुट्टीला मी उपकेंद्रात गेले. काकांनी चष्मा लावला, कागद उलटा धरला, मग सुलटा.

"हे काय?"

"त्या दिवसाचा फिडर. ही दरी बघा, बारा मिनिटांची."

"कुटनं आणलंस?"

"मीटरमध्ये होतं."

"मीटरात ऱ्हातं व्हय हे सगळं?" काका कागदाकडे बघत राहिले. "आमी समजत हुतो, युनिट तेवढी ऱ्हात्यात."

मग त्यांनी खुर्ची जवळ ओढली.

"साहेब म्हणायचे, दहा मिनटाच्या कामाला परमिट कशाला, कागद काळे करू नका. मग आमी मिस कॉलवर चालायचो. एक रिंग म्हणजे बंद कर. दोन म्हणजे चालू कर. सगळेच तसं करायचे. त्या दिशी तुज्या बापाची एक रिंग आली, मी फिडर बंद केला. मोबाईल तितं टेबलावर चार्जिंगला, आन् मी आत ब्याटऱ्यांना पाणी भरत हुतो. फोन वाजला, थांबला. परत वाजला, थांबला. दोन मोजले. भाईर आलो, ब्रेकर मारून फिडर चालू केला. मग फोन हातात घेतला, तर नंबर साहेबाचा."

"दोन्ही?"

"दोन्ही. फिडर का बंद म्हणून त्यास्नी तक्रार आली हुती कुणाची. त्यांची सवयच ती. एका रिंगेत उचलला न्हाय की ठिवायचे, लगीच परत लावायचे. सबूर म्हणून न्हवतीच की."

"आणि तुम्ही लिहून दिलंत, फिडर बंदच केला नव्हता म्हणून."

"साहेबानं लिवून आणलं हुतं. मी म्हणलं, साहेब, फिडर मी बंद केलाता. ते म्हणले, मग चालू बी तूच केलास. तूच मारलंस त्याला. सांग, कसं लिवू?" काकांनी कागदाची घडी घातली आणि मला परत दिली. "मी सही केली."

मी बॅग उचलली. काका दारापर्यंत आले. "पोरी, माजं नाव मधी आणू नको. आठ महिनं ऱ्हायलेत माजे."

"नाही आणत," मी म्हणाले.

"आन् आजून एक. ती मिस कॉलची रीत तुज्या बापानंच काढली हुती. मला म्हणला, आमच्या घरचं हाय हे, तुला बी देतो वापराय."

ते खरं होतं. घरी आप्पांची एक रिंग आली की उशीर होणार, दोन आल्या की अर्ध्या तासात येतोय, तवा ठेव. आई फोन कधी उचलायचीच नाही, नुसती मोजायची. कधी मध्येच सोसायटीचा नाहीतर कुणा पाहुण्याचा फोन यायचा आणि आप्पांचा पत्ता नसताना भाकऱ्या होऊन बसायच्या. त्यावर आमच्या घरात हसणं व्हायचं. परतीच्या एस.टी.त मी खिडकीला डोकं टेकून तेच आठवत राहिले, आणि सोलापूर येईपर्यंत ठरवलं की हे कुणाला सांगायचं नाही. आजवर सांगितलंही नव्हतं.

सादरीकरण सकाळी होतं. साहेब पहिल्या रांगेत, वरच्या कार्यालयातून आलेल्या मुख्य अधिकारी बाईंच्या शेजारी. माझी पाळी आली तेव्हा त्यांनी बाईंना सांगितलं, "ही आमची हुशार मुलगी. माझाच उपविभाग घेतलाय हिने."

मी पहिल्यांदा रजिस्टर दाखवलं. साहेबांचा चेहरा खुलला. मग त्यावर मीटरची नोंद चढवली. पडदा खड्ड्यांनी भरून गेला.

"हे शून्य कसलं?" बाईंनी विचारलं.

"फिडर हाताने बंद केलेला आहे, मॅडम. परमिट नाही, म्हणून रजिस्टरात नाही. रजिस्टरात नाही, म्हणून वीज गेलीच नाही असं धरलं गेलं."

"मीटर नादुरुस्त असेल," साहेब म्हणाले.

"पाच फिडरचे पाच मीटर आहेत, सर. पाचही एकाच पद्धतीने नादुरुस्त असायला हवेत. आणि मॅडम, यातला एक दिवस मी वेगळा काढलाय." मी तो दिवस लावला, आणि शेजारी अहवालाची पाचवी ओळ. ती मी मोठ्याने वाचली, सावकाश, शाळेत धडा वाचतात तशी. "अहवाल म्हणतो लाईन चालू होती. मीटर म्हणतो बारा मिनिटं बंद होती, आणि माणूस वर असताना उपकेंद्रातून चालू झाली."

सभागृहात कुणीतरी खुर्ची सरकवली. साहेब पाचव्या ओळीकडे बघत होते. मग माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे. वडिलांचं नाव आणि आडनाव त्यांनी आता पहिल्यांदा एकत्र वाचलं. त्यांचा चेहरा पांढरा पडताना मी पाहिला आणि मला फार बरं वाटलं. गिरणीतली ती बाई, सात-आठ वर्षांची ती ओळ, खडूचा डाग, सगळ्याचं मोल त्या एका चेहऱ्यात मला मिळालं. अजून मिळायला हवं होतं.

बाईंनी विचारलं, "त्या दिवशी पाळीवर ऑपरेटर कोण होता?"

मी काकांचं नाव सांगितलं. विचार करायला थांबले नाही. 'मला बघून सांगावं लागेल' असं म्हणता आलं असतं. त्यांना स्वतः शोधू देता आलं असतं. मी पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट.

चौकशी पुन्हा उघडली. काकांनी सगळं लिहून दिलं, साहेबांच्या फोनसकट. त्या दिवसाचे कॉल कंपनीने मागवले की नाही मला माहीत नाही. पण परमिट न घेण्याची तोंडी सूचना होती असं आणखी चार लाईनमननी सांगितलं, तेवढं पुरलं. मिस्ड कॉलची रीत कुणी सुरू केली हे काकांनी लिहिलं नाही. मी त्यांना दिलेला शब्द मोडला होता, त्यांनी मात्र न दिलेला पाळला.

बदलीचा आदेश आल्यावर साहेब माझ्या टेबलापाशी आले. हातात पिशवी, तिच्यातून प्रशस्तिपत्राची चौकट डोकावत होती. उभ्या उभ्याच म्हणाले, "तुम्ही कोण आहात हे आधी सांगायला हवं होतं."

"तुम्ही विचारलं होतं, सर. गाव सांगितलं होतं मी."

"मी मुद्दाम केलं नाही ते. फोन लावला होता फक्त."

"फोनचं माहीत आहे मला. पाचव्या ओळीचं सांगा."

त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. कक्षातल्या सगळ्यांनी माना आपापल्या पडद्यात घातल्या होत्या. मग ते गेले. माफी मागितली असती तर मी ती घेतली नसती, तरी मागायला हवी होती.

नव्या आदेशाची प्रत घेऊन मी गावी गेले. पाचवी ओळ रद्द केली होती आणि तिच्या जागी लिहिलं होतं की मयत कर्मचारी खांबावर असताना उपकेंद्रातून पुरवठा सुरू करण्यात आला, आणि मयताकडे दोष जात नाही. मी आईला ते दोनदा वाचून दाखवलं. आईने कागद हातात घेतला, जिथे आप्पांचं नाव होतं तिथे अंगठा ठेवला.

"गिरणीत नेऊन लावू का?" मी म्हणाले.

आई हसली नाही. "काकाची बायकू येऊन गेली परवा. बसली अर्धा तास. काय बोलली न्हाय. जाताना म्हणली, त्यांच्या निरोपाला कोण येणार न्हाय आता." आईने कागद आप्पांच्या फोटोमागे सारला. "तुजं झालं का आता?"

"नाही," मी म्हणाले.

योजना संपल्यावर मला डेटा कक्षात कायम केलं. चौकशीनंतर एक परिपत्रक निघालं होतं : परमिटशिवाय बंद केलेल्या फिडरांची यादी दर महिन्याच्या एक तारखेला प्रत्येक कार्यालयाला जाईल आणि प्रत्येक उपकेंद्राच्या भिंतीवर लागेल. ती यादी काढणारा प्रोग्रॅम मी लिहिला. अशा यादीत सर्वांत वर एक जुना, पक्का माहीत असलेला दिवस ठेवतात. तो बरोबर आला तर खालचंही बरोबर आलं असं समजायचं. मी आप्पांचा दिवस ठेवला. अकरा चाळीस ते अकरा बावन्न. परमिटचा रकाना रिकामा. पुढे पाळीवरच्या ऑपरेटरचं नाव आणि उपविभागाच्या साहेबांचं नाव. साहेब आता दुसऱ्या जिल्ह्यात भांडारात आहेत. तिथेही यादी जाते, आणि तिथूनही त्यांना दर महिन्याला 'पाहिले' असं उत्तर पाठवावं लागतं. ते उत्तर आलं की मी ते उघडून बघते. त्यात तेवढा एकच शब्द असतो.

काकांना निवृत्तीपर्यंत त्याच उपकेंद्रात ठेवलं होतं, फक्त ब्रेकरला हात लावायचा नाही, लॉगशीट भरायची. यादी त्यांच्या टेबलामागच्या भिंतीवर लागायची. नव्या वर्षी आलेल्या प्रशिक्षणार्थी मुलीने मला विचारलं, "मॅडम, ही पहिली ओळ फार जुनी आहे. दुसरी एखादी ठेवू का तपासायला?"

"राहू दे," मी म्हणाले.

दुसरी यादी गेली त्याच दिवशी, दुपारी डबा खाताना, माझा फोन वाजला. एक रिंग आणि बंद. नंबर काकांचा होता. मी फोन टेबलावर ठेवला आणि चुकून लागला असेल तर पुन्हा वाजेल म्हणून बघत बसले. पुन्हा वाजला नाही. एकच होती. आप्पांनी त्यांना शिकवलेलीच, बंद कर म्हणून सांगायची.

काकांच्या निवृत्तीला तेव्हा दोन महिने होते. दोन्ही महिन्यांच्या एक तारखेला यादी गेली. पहिली ओळ होती तशीच होती.